सभेचा कान

सभेला आलेली माणसं वक्त्याच्या तोंडाकडे बघतात. बसप्पा त्याच्या गळ्याकडे बघायचे. गळ्याची शीर फुगली की पुढच्या क्षणाला आवाज चढणार, आणि तो चढायच्या आत आपला हात फिरला पाहिजे, नाहीतर भोंगा शिट्टी मारणार. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, पायरीखाली, पत्र्याच्या खुर्चीत ते बसलेले असत. समोर लाकडी पेटीत ॲम्प्लिफायर आणि त्याच्यावर आवाज कमीजास्त करायचं काळं, गोल बटण. त्या बटणाला ते 'कान' म्हणायचे. "वक्त्याला तोंड असतंय बाई, सभेला कान असतोय. अन् त्यो कान माज्या हातात असतोय," असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, आणि इतक्या सहज सांगितलं की मला ती बढाई वाटलीच नाही.

मी मूळची मंगळवेढ्याची. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि बसप्पांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. खाली भोंगे, वर मी. गाव त्यांना बसप्पा भोंगेवाले म्हणे. घरात कन्नड, दुकानात मराठी, पूर्व भागातल्या विणकरांशी मोडकीतोडकी तेलुगू आणि पोलीस-वकिलांशी दख्खनी, अशा चार भाषा त्यांना येत, पण चारी मिळून बोलणं मात्र बेताचंच. त्यांची बायको गौरव्वा म्हणायची, "जगाचा आवाज मोठा करत्यात, अन् घरात भाजीला मीठ कमी पडलं तर सांगायला ह्यांचं तोंड उगडत न्हाई."

टीव्ही तेव्हा सोलापूरला पोचला नव्हता. सिनेमाला तिकीट लागे, सभा फुकट. निवडणूक लागली की गावाच्या अंगातच यायचं! गिरणी सुटली की माणसं रिकामे डबे हातात घेऊन थेट चौकात. बायका ओट्यावर, बिड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या सूप मांडीवर घेऊन दारात, खांबाखांबावर भोंगे, आणि भोंग्यांच्या खाली कुणी कुणाला चारी मुंड्या चीत केलं यावर हमरीतुमरी. मला तर भाषणांचं आधीपासून वेड. एकट्या बाईनं सभेला जावं अशी पद्धत नव्हती, पण गौरव्वा बरोबर असली की कुणाची काही म्हणायची छाती नव्हती. आम्ही दोघी बसप्पांच्या खुर्चीमागच्या बाकावर बसायचो.

त्यांची विद्या मला पहिल्यांदा कळली ती आमच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात. प्रमुख पाहुणे बाहेरगावचे एक पुढारी होते. मी पडद्याआड मुलींची रांग लावत होते, बसप्पा शेजारी पेटी घेऊन बसलेले. पाहुणे माइकपुढे आले तसे बसप्पा पुटपुटले, "आदी चादर."

मला अर्थ लागेना. तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "सोलापूरच्या चादरीची ऊब साऱ्या देशाला ठाऊक आहे, तीच ऊब मला आज इथं..."

टाळ्या पडल्या. "आता शेंगाची चटनी," बसप्पा म्हणाले.

"आणि इथल्या शेंगाच्या चटणीसारखा बाणेदार स्वभाव..."

"आता सिद्धेश्वर."

"ज्या भूमीत सिद्धेश्वरांनी..."

मी तोंडात पदर कोंबला. समोर मुख्याध्यापिका डोळे मोठे करत होत्या, मागं नाचाला तयार झालेल्या मुली मला विचारत होत्या, बाई काय झालं, आणि बसप्पांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. ते वायरचं वेटोळं करत म्हणाले, "भायेरचा मानूस आलं की आदी पाव्हनचार फेडतंय की बाई. चादरीशिवाय भाषान सुरू केलेलं मी अजून बगितलं न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. वर्गात मी मुलींना अनुप्रास आणि उपमा शिकवत होते, उदाहरणं घोकून घेत होते. संध्याकाळी चौकात जाऊन बघावं तर तेच सगळं जिवंत, घाम आलेलं, हात उगारलेलं! बसप्पांनी या अलंकारांची नावं ऐकलेली नव्हती. त्यांची नावं वेगळी होती आणि ती त्यांच्या हाताला लागणारी होती.

एक होती 'तिसरी पायरी'. वक्ता म्हणायचा, "आम्ही रस्ता मागितला, यांनी आश्वासन दिलं. आम्ही दवाखाना मागितला, यांनी आश्वासन दिलं..." इथं बसप्पांचा हात हळूच कान डावीकडं पिरगळायचा, कारण पुढचं वाक्य बॉम्बसारखं येणार हे ठरलेलं. "आता आम्ही खुर्ची मागतोय, तर यांना घाम फुटला!" चौक उसळायचा आणि भोंगा शिट्टी मारायचा नाही. "दोन पायऱ्या चढवून आनल्याबिगर उडीला जोर येत न्हाई," बसप्पा सांगत. "अन् चवथी पायरी क्येली की ऐकनारा दमतंय. लई शिकलेली मानसं चवथी करत्यात."

एक होतं 'न्हाई बोलनार'. "विरोधी उमेदवाराच्या नव्या बंगल्याबद्दल मी बोलणार नाही. त्यांच्या मेहुण्याला मिळालेल्या ठेक्याबद्दल तर मी अवाक्षर काढणार नाही..." असं सुरू झालं की बसप्पा कान थोडा उजवीकडं वळवायचे, कारण अशी वाक्यं वक्ता आवाज खाली घेऊन, घरातली गोष्ट सांगितल्यासारखी बोलतो, आणि शेवटच्या ओट्यावरच्या म्हातारीलाही ती ऐकू गेली पाहिजेत. वक्ता "थोडक्यात सांगतो" म्हणाला की ते गौरव्वाला खूण करायचे आणि ती चहा सांगायला उठायची. "शेवटचा एकच मुद्दा" म्हणाला की दुसरा चहा.

आणि पाणी! वक्ता मधेच पेला उचलतो तो तहानेसाठी नव्हे, टाळ्यांना जागा करून द्यायला, हे मला बसप्पांनी शिकवलं. मला ते खोटं वाटायचं. एकदा एका मोठ्या सभेत कार्यकर्ते पेल्यात पाणी घालायचंच विसरले. नेत्यांनी भर टाळ्यांत पेला उचलला, रिकाम्या पेल्यातून शांतपणे दोन घोट घेतले, मिशा पुसल्या आणि पेला खाली ठेवून पुढं बोलायला लागले. बसप्पांनी माझ्याकडे नुसतं वळून बघितलं. मी त्या दिवशी हार मानली.

या सगळ्यांत त्यांना सर्वांत अवघड आणि सर्वांत लाडकी होती ती 'अर्दी भाकरी'. वक्त्यानं वाक्य निम्मं बोलायचं आणि गप्प राहायचं. उरलेलं निम्मं सभा ओरडून पुरं करते. "सगळी भाकरी वक्त्यानंच खाल्ली तर सभा उपाशी जाती. अर्दी तिला ठिवायची," ते म्हणत. अशा वेळी ते कान पार बंद करून टाकायचे. एक तर चौकाची गर्जना माइकमध्ये शिरून शिट्टी होऊ नये म्हणून, आणि दुसरं, त्यांच्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे सभेला सभेचा स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. तेवढे दोन-तीन क्षण भोंगे मुके असत. हे गावात दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही.

सगळ्या पक्षांची सगळी भाषणं ऐकणारा आणखी एकच माणूस गावात होता, तो म्हणजे पोलिसांचे शॉर्टहँडवाले जमादार. जाड चष्मा, गुडघ्यावर वही, जागा ठरलेली: चौकाच्या दुसऱ्या टोकाला, खांबावरच्या भोंग्याखाली, पानाच्या टपरीला टेकून. ते मान कधी वर करत नसत. मान वर केली की चार शब्द निसटतात, असं त्यांनी पानवाल्याला सांगितलेलं. बसप्पांचं आणि त्यांचं बोलणं नव्हतं, पण सभा संपल्यावर दोघं लांबूनच एकमेकांना मान हलवत.

बसप्पांचा एक नेम होता. त्यांच्या भोंग्याला पक्ष नव्हता. एकाच चौकात एके दिवशी एका पक्षाची सभा, दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या देणाऱ्या दुसऱ्याची. भोंगे तेच, खुर्ची तीच, हात तोच. एकदा एक कार्यकर्ता दुकानात आला आणि गोड बोलत म्हणाला, "आप्पा, उद्या त्यांच्या सभेत जरा शिट्ट्या होऊ द्या की. पुढच्या सगळ्या सभा तुमच्याच." बसप्पांनी त्याला चहा पाजला. चहा संपल्यावर कप उचलून म्हणाले, "ह्यो तुमच्या पक्षाला शेवटचा चा. आता भोंगं दुसरीकडं बगा." तो हसला, त्याला गंमत वाटली. पण त्या निवडणुकीत त्या पक्षाला बसप्पांचे भोंगे खरंच मिळाले नाहीत.

ते सभेत कधी हसले नाहीत, कधी टाळी वाजवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हात कानावर असतंय. टाळी कशानं वाजवू?" मत कुणाला दिलं हे तर गौरव्वालाही कळू द्यायचे नाहीत. ती खोदून खोदून विचारायची आणि हे कन्नडमध्ये "येनिल्ला" म्हणजे 'काही नाही' एवढंच म्हणायचे.

हा नेम मोडला नरसय्यासाठी.

नरसय्या आमच्या मागच्या गल्लीतला, पॉवरलूमवर काम करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा तेलुगू विणकर. डोक्यानं तल्लख, कामगारांची बाजू पोटतिडकीनं मांडणारा, पण पहिल्याच सभेत हातात चार पानं घेऊन उभा राहिला आणि चारही पानं मान खाली घालून वाचून काढली. दुसऱ्या पानावर पुढची रांग उठली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि भोंग्यांच्या मध्ये खाली मुंडी घालून बसला.

"आप्पा, मशीनमध्ये काही बिघाड होता का?" त्यानं विचारलं.

"मशीन ब्येस हुतं," बसप्पा म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी एक वायर सोलली. मग म्हणाले, "कागद कशाला घ्येतला हुतास? पयल्या रांगेतल्या म्हातारीकडं बगून बोलायचं. तिनं मान हालिवली की पुडं जायाचं."

अशी सुरुवात झाली. महिनाभर दुपारच्या वेळी दुकानात तालीम चाललेली. ॲम्प्लिफायर बंद, माइक बंद, सभा म्हणजे मी आणि गौरव्वा. नरसय्याला तिसरी पायरी लगेच जमली. पाणी पिणं जमलं. अर्धी भाकरी मात्र जमेना. वाक्य निम्म्यावर सोडलं की त्याचा जीव घाबरा व्हायचा आणि उरलेलं तो स्वतःच गडबडीनं बोलून टाकायचा. "अरं थांब की! आमाला भूक लागू दे!" असं गौरव्वा ओरडायची. आणि ज्या दुपारी तो "गिरणी चालते ती मालकाच्या पैशावर नाही, ती चालते..." म्हणून खरंच थांबला, तेव्हा मी आणि गौरव्वानं एका दमात "आमच्या हातावर!" असं ओरडून दुकान डोक्यावर घेतलं. बसप्पांनी बंद असलेल्या ॲम्प्लिफायरचा कान तेवढ्यात फिरवलेला होता. सवयच ती.

त्यानंतर नरसय्याची सभा म्हटलं की चौक भरायला लागला. मी काही निमित्त काढून लवकर घरी यायची आणि बाक धरायची. असलं सुख मला कुठल्या नाटकानं दिलेलं नाही.

मग एका कारखान्याच्या मालकानं बारा माणसांना एकाएकी कामावरून काढलं. कारखान्याचं फाटक आमच्या नेहमीच्या चौकावरच होतं, तिथंच सभा लागली. ऊन उतरत होतं. नरसय्या असा काही बोलला की माझ्या हातावर काटा उभा राहिला. शेवटाकडे येऊन तो म्हणाला, "हे फाटक आपल्यासाठी उघडत नसेल, तर आपण सगळे मिळून या फाटकाला..."

आणि थांबला. बसप्पांचा हात फिरला. भोंगे मुके झाले. तालमीत याचं उत्तर ठरलेलं होतं: 'कुलूप लावू'. मालकानं बाराजणांना बाहेर ठेवलं, आपण मालकाला बाहेर ठेवू. पुढच्या रांगांतून 'कुलूप' आलंही. पण मागून, जमादार बसले होते त्या पानाच्या टपरीच्या बाजूनं, पाच-सहा जण ओरडले, "आग लावा!" आणि ओरडून थांबले नाहीत. फाटकापाशी सुताच्या गुंतवळ्याचा ढीग होता, त्याला कुणीतरी काडी लावली. बायकांनी हौदातलं पाणी मारून ती विझवली. फाटक एका बाजूनं काळं पडलं, माणसाला कुणाला इजा झाली नाही.

दोन दिवसांनी नरसय्याला पकडलं. जमादारांच्या वहीत आरोपीच्या नावापुढं अखंड वाक्य होतं: 'आपण सगळे मिळून या फाटकाला आग लावा.' जामिनावर सुटला, पण खटला उभा राहिला. शिक्षा झाली असती तर तुरुंग होताच, आणि सुटून आल्यावर सोलापुरातल्या एकाही कारखान्यात त्याला माग मिळाला नसता. त्याची आई रोज येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची.

बसप्पांचं जेवण तुटलं. एके सकाळी ते जिना चढून वर आले. माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी ते कधी आले नव्हते. "बाई, चूक माजी हाय," ते म्हणाले. "अर्दी भाकरी ठिवायला शिकीवलं. पंगतीला कोन बसलंय ते बगायला न्हाई शिकीवलं."

नरसय्याचे वकील मुल्लासाहेब. त्यांनी बसप्पांना साक्षीला बोलावलं आणि त्याच तोंडानं सावधही केलं. "देखो बसप्पा, भोंगे का परवाना पोलिसांच देते. उनके कागज के खिलाफ बोले तो कल तुम्हारे अर्ज पे सही नै होती. सोच लेव."

"सोचा," बसप्पा म्हणाले. एवढंच.

कोर्टात मी शाळेतून रजा काढून गेले. बसप्पा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून पिंजऱ्यात उभे होते, आणि हात कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी सांगितलं की त्या क्षणी भोंगे बंद होते, म्हणून लांब टपरीशी बसलेल्या जमादारांना ऐकू आलं ते व्यासपीठावरचं असूच शकत नाही. सरकारी वकील हसले.

"नेमक्या त्याच क्षणी तुम्ही आवाज बंद केलात? आरोपी गप्प राहणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

उत्तर मला माहीत होतं. मुल्लासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"मीच शिकीवलं हुतं," बसप्पा म्हणाले.

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकिलांना तर घबाडच मिळालं. म्हणजे चिथावणीचे गुरू तुम्हीच! पण न्यायाधीश पुढं झुकले. म्हातारा माणूस, कपाळाला आठ्या. "काय शिकवलं, नीट सांगा," ते म्हणाले. आणि आयुष्यभर बेताचंच बोललेले बसप्पा बोलायला लागले. तिसरी पायरी सांगितली, पाणी सांगितलं, चादर सांगितली. चादरीला न्यायाधीशांच्या मिशा हलल्या. अर्धी भाकरी सांगताना बसप्पांनी कठड्यावर हात ठेवून कान कसा फिरवतात ते करून दाखवलं. न्यायाधीश म्हणाले, हे कागदावर समजायचं नाही, स्थळपाहणी करू.

ती स्थळपाहणी! ठरल्या दिवशी सकाळी चौकात व्यासपीठ, माइक, खांबावर तोच भोंगा. पायरीखाली बसप्पा, टपरीला टेकून जमादार वही घेऊन, त्यांच्या शेजारी खुर्चीत न्यायाधीश. आणि सभा नसताना सभा भरली, अर्धा पूर्व भाग बघायला लोटला. आता प्रश्न असा की आरोपीनं बोलायचं काय? ज्यावर 'आग लावा' अशी आरोळी उठली ते वाक्य पोलिसांसमोर पुन्हा बोलायला लावणं कुणालाच बरं वाटेना. सरकारी वकील म्हणाले, दुसरं काहीही बोलू दे. न्यायाधीशांनी जमादारांना सांगितलं, तुम्ही नेहमीसारखं लिहा. जमादारांनी मान खाली घातली आणि पेन्सिल टेकवली.

नरसय्या माइकपुढं उभा राहिला. मग त्यानं पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीकडं बघितलं.

"सकाळपासून तुम्ही उन्हात उभे आहात," तो म्हणाला. भोंगा खणखणीत. "पोलीस उन्हात उभे आहेत. एवढे मोठे साहेब, तेसुद्धा उन्हात बसले आहेत." तिसरी पायरी! "तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की आता आपण सगळ्यांनी मिळून..."

आणि थांबला. बसप्पांचा हात फिरला. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं, साऱ्या चौकानं एका आवाजात आरोळी ठोकली, "चा प्यायचा!"

हशा पिकला. न्यायाधीशही हसले. मग हसू आवरून त्यांनी शेजारी हात पुढं केला आणि म्हणाले, "जमादार, शेवटचं काय लिहिलंत, वाचा."

जमादारांनी चष्मा सावरला आणि ठाम आवाजात वाचलं, "आरोपी: आता आपण सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा."

जमादारांनी वहीकडं बघितलं, भोंग्याकडं बघितलं, आणि मग बहुधा पहिल्यांदाच मान वर करून समोरच्या गर्दीकडं बघितलं. ते खोटारडे नव्हते. कानावर पडेल ते खाली मान घालून लिहीत आले होते, आणि वाक्य एक असलं की बोलणाराही एकच असणार असं त्यांच्या पेन्सिलीनं धरून चाललेलं होतं. त्यांचा चेहरा पडलेला बघून मला त्यांचीसुद्धा दया आली. पण ती नंतर; त्या क्षणी मी गौरव्वाच्या गळ्यात पडून नाचायचीच तेवढी बाकी होते!

नरसय्या सुटला. त्याच्या आईनं दुकानाच्या पायरीवर नारळ फोडला, आणि बसप्पांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या असं गौरव्वानं सगळ्या गल्लीला सांगितलं.

मुल्लासाहेबांनी सांगितलं होतं ते मात्र खरं झालं. पुढच्या निवडणुकीला बसप्पांचा परवान्याचा अर्ज परत आला, नकाशा जोडला नाही म्हणून. नकाशा जोडला तर वेळ निघून गेली म्हणून. लग्नाकार्यात एखादा भोंगा वाजे, पण सभा संपल्या. भोंग्यांवर गौरव्वानं पोती टाकली. मला भयंकर राग यायचा. मी म्हणायची, अर्ज करा, वर तक्रार करा, मी लिहून देते. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या बाई. लई ऐकलं." पण संध्याकाळी चौकात दुसऱ्या कुणाचा भोंगा शिट्टी मारायला लागला की दुकानात बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात मांडीवर फिरायचा, आणि ते मला बघवायचं नाही.

पुढं माझी बदली अक्कलकोटच्या शाळेत झाली. दोन-तीन वर्षं गेली. दशक संपत आलेलं, महापालिकेची निवडणूक लागलेली, आणि नरसय्या उभा आहे असं कळलं. मी दुपारची एसटी धरून सोलापूरला आले ती थेट चौकात.

गर्दीत मागं, टपरीच्या जवळ, बसप्पा उभे होते. थकले होते, पण धोतर तसंच धुतलेलं. "आलात बाई?" एवढं म्हणाले आणि व्यासपीठाकडं बघायला लागले, वक्त्याच्या गळ्याकडं. पेटीपाशी कुणी अनोळखी तरुण बसला होता. टपरीला टेकून तेच जमादार, केस पिकलेले, वही गुडघ्यावर. पण आता ते दर वाक्याला मान वर करून बघत होते.

नरसय्या पाण्यावर बोलत होता. "नळाला पाणी नाही, म्हणतात धीर धरा. कामाला माग नाही, म्हणतात धीर धरा. आता निवडणूक आली, तर पुन्हा आलेत सांगायला, धीर धरा. यांना मी तुमच्या वतीनं सांगतो, की यापुढं आम्ही धीर..."

तो थांबला. माझ्या शेजारी बसप्पांचा उजवा हात वर आला आणि हवेत डावीकडं फिरला. पेटीवरच्या तरुणाला मात्र काही कळलं नाही. भोंगा नुसता घुंई करत राहिला आणि सभा बावरली. एक क्षण गेला, दुसरा गेला. कुणीच बोलेना. बसप्पांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. तो रिकामा होता.

"धरनार न्हाई!" बसप्पा ओरडले.

त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. मग सगळा चौक ओरडला, "धरनार न्हाई! धरनार न्हाई!" आणि बसप्पा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, वेड्यासारख्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

जमादारांनी मान वर केली होती. चष्म्यावरून त्यांनी बसप्पांकडं बघितलं, आणि पेन्सिल तशीच वर धरून ठेवली.

बसप्पा त्यांच्याकडं वळले. "लिवा सायेब," ते म्हणाले. "माज्या नावावर लिवा."